गुडघ्याच्या ऑपरेशननंतर: टीम मॅनेजरची फाईल, डी लायसन्स आणि असिस्टंट कोचची खुर्ची

गेल्या दोन-तीन वर्षांत बेळगाव, खानापूर, निपाणी इकडच्या बऱ्याच पोरांनी मला विचारलंय की खेळणं थांबल्यावर कोचिंगला यायचं तर नेमकं करायचं काय, फॉर्म कुठं मिळतो, पैसे किती जातात, इंग्लिश आलंच पाहिजे काय. फोनवर सांगताना प्रत्येक वेळी काहीतरी राहून जातंय, म्हणून एकदाच सगळं जसं घडलं तसं लिहून काढतोय. मी बेळगावचा, उजव्या बाजूचा बॅक, म्हणजे बचावाला खेळणारा. आधी शाळा, मग गल्लीतला क्लब, मग काही वर्षं जिल्ह्याची टीम. पोटापाण्याला उद्यमबागेत फाउंड्री, पहिली शिफ्ट सुटली की थेट टिळकवाडीत लेले ग्राउंड. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे बेळगावच्या कॅम्पातल्या शाळा, तिथनं तयार होऊन आलेली पोरं आणि पावसाळ्यातला लाल चिखल, ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

डिसेंबर २०१८. मॅच संपायला थोडाच वेळ होता, वळताना उजवा पाय जमिनीत रुतला आणि वरचं अंग फिरलं. कुणाचा धक्का नाही, काही नाही. गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला तो मलाही ऐकू आला आणि शेजारी उभ्या असलेल्या स्टॉपरलाही, म्हणजे मधल्या बचाववाल्यालाही. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून नारळाएवढा. एमआरआयला सातेक हजार गेले, रिपोर्ट आला की एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला बंध पूर्ण तुटलाय, मेनिस्कसला म्हणजे आतल्या गादीलाही चीर आहे. फेब्रुवारी २०१९ ला दुर्बिणीतनं ऑपरेशन झालं, मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा तंतू काढून तो तुटलेल्याच्या जागी बसवतात. माझं ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा होता म्हणून ऑपरेशनचा मोठा खर्च अंगावर पडला नाही. फाउंड्रीत, वर्कशॉपमध्ये काम करून खेळणाऱ्या पोरांना एवढंच सांगतो, पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय लागू होतं, त्या कार्डावर घरच्यांची नावं आहेत काय, दवाखाना कुठला लागलाय, हे सगळं पाय चांगला असतानाच बघून ठेवा. लंगडत लंगडत कागद गोळा करायला लागले की फार जीवावर येतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की नऊ महिन्यांच्या आत मॅच खेळायची नाही. ते नऊ महिने मी कधी विसरणार नाही. सकाळी खोलीत भिंतीला पाठ लावून पाय उचलायचे, टॉवेल गुंडाळून गुडघ्याखाली दाबायचा, मांडी बारीक झालेली बघायची आणि संध्याकाळी घरात राहवत नाही म्हणून ग्राउंडवर जाऊन बाहेर बसायचं. आई म्हणायची, कशाला जातोस, बघून आणखी त्रास होतोय तुला. त्रास व्हायचाच. पण बाहेर बसल्यावर एक गोष्ट झाली, इतकी वर्षं जे आतनं कधी दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. बॉल पलीकडच्या बाजूला असताना आमचा राईट बॅक कुठं उभा असतोय, तो आत सरकत नाही म्हणून स्टॉपरला किती पळायला लागतंय, हे मी त्या जागेवर खेळत असताना मला कुणी दाखवलंच नव्हतं. मी एका जुन्या डायरीत लिहायला सुरुवात केली. कुणाला दाखवायला म्हणून नाही, वेळ जात नव्हता म्हणून.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे २०१९-२० च्या सीझनला, आम्ही मित्र गाडी करून चोर्ला घाटातनं मडगावला फातोर्डा स्टेडियमवर एफसी गोव्याच्या मॅचला जायचो. बाकीचे गोव्याचा स्ट्रायकर कोरोमिनासला बघायचे, मी बेंचकडं बघत बसायचो. तिथं असिस्टंट म्हणून क्लिफर्ड मिरांडा असायचा. ज्यांनी गोव्याच्या डेम्पो क्लबचा तो जमाना बघितलाय त्यांना मिरांडा मिडफिल्डर म्हणून पाठ आहे, लांबनं मारायचा ते फटके कोण विसरेल. तो आता ट्रॅकसूट घालून हातात कागद घेऊन हेड कोचच्या एक पाऊल मागं उभा. आणि बघा, जानेवारी २०२० च्या शेवटी गोव्यानं हेड कोच सर्जिओ लोबेराला काढलं आणि आयएसएलच्या म्हणजे इंडियन सुपर लीगच्या शेवटच्या साखळी मॅचेसना टीम ह्याच मिरांडाच्या हातात दिली. १९ फेब्रुवारीला गोव्यानं जमशेदपूरमध्ये जमशेदपूरला ५-० हरवलं, साखळीत पहिलं येणाऱ्याची लीग शिल्ड जिंकली आणि एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. मी ती मॅच घरी टीव्हीवर बघितली. एवढा काळ मागं उभं राहून जो माणूस सगळं बघत होता तो एका आठवड्यात पुढं आला आणि टीम जराही विस्कटली नाही. खेळाडूनंतर पुढं काय, ह्या प्रश्नाला मला त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी उत्तर दिसलं.

मग मार्चमध्ये लॉकडाऊन. ग्राउंडं बंद, फाउंड्री बंद, पगार अर्धा. त्याबद्दल काय लिहायचं, सगळ्यांचं तेच.

२०२१ च्या शेवटाला खेळ परत सुरू झाले तेव्हा मी दोन-चार मॅचेस खेळलो. गुडघा टिकला, पण वळताना मन आधीच थांबत होतं, आणि बॅकचं मन थांबलं की विंगर गेलाच. आमच्या क्लबच्या जुन्या सरांनी हे ओळखलं असणार. एक दिवस प्रॅक्टिसनंतर चहाच्या गाड्यावर त्यांनी विचारलं, "काय करुलास सध्या?"

"काय नाही सर, ड्यूटी आणि घर."

"मग फाईल धर की. अंडर फिफ्टीनच्या पोरांना बाहेर न्यायचं हाय. मॅनेजर पाहिजे."

असा मी मॅनेजर झालो. ज्यांना वाटतं मॅनेजर म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि केळी, त्यांनी एकदा हे काम करून बघावं. आपल्याकडच्या ज्युनियर टीममध्ये मॅच हरण्याआधी टीम कागदावर हरू शकते. प्रत्येक पोराचा जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, फोटो, पालकांचं संमतिपत्र, आणि एआयएफएफच्या म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएसवर म्हणजे त्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनवर त्याचं नाव आणि आयडी. एका पोराचा एक कागद कमी पडला की तो पोरगा बाहेर, आणि ते त्याला सांगायचं काम मॅनेजरचं.

सगळ्यात जास्त वेळ जन्मदाखल्यांनी खाल्ला. शहरातल्या पोरांचं सोपं असतं, महानगरपालिकेत नोंद असते, ई-जन्मवरचा कन्नड-इंग्लिश दाखला मिळतो. पण खानापूरच्या जंगलाकडच्या गावातनं, नाहीतर येळ्ळूर-कडोलीकडनं येणाऱ्या काही पोरांची नोंदच उशिरा झालेली असते. कायद्यानं जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो, वर्ष उलटून गेलं की मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते. आणि उशिरा नोंदलेला दाखला बघितला की टूर्नामेंटवाले लगेच शंका घेतात, कारण वय चोरणं हा आपल्या ज्युनियर फुटबॉलला लागलेला जुना रोग आहे, त्यांचंही चुकत नाही. माझ्या टीममधला एक पोरगा, वडील दुसऱ्याच्या शेतात कामाला, त्याच्या दाखल्यावर जन्म आणि नोंदणी ह्यात तीन वर्षांचं अंतर. मी त्याच्या वडिलांना घेऊन तालुक्याला गेलो, अंगणवाडीच्या रजिस्टरची नक्कल काढली, लसीकरणाचं जुनं कार्ड त्याच्या आजीनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं ते मिळालं. कार्डावर तारीख पुसट झालेली, पण वाचता येत होती. आजीनं ते माझ्या हातात देताना दोनदा सांगितलं, "परत आणून दे गा, हरवू नको."

वयाची टेस्टही समजून घ्या, कारण पालक घाबरतात. तिला टीडब्ल्यू३ म्हणतात, डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडं किती पिकली आहेत त्यावरनं वयाचा अंदाज लावतात. इंजेक्शन नाही, रक्त नाही. एका पोराच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं की सर, ह्यानं त्याच्या हाडाला काही होतंय काय. मी स्वतः इतके एक्स-रे काढून बसलो होतो, तिला माझ्या गुडघ्याचीच फिल्म दाखवली. हे सगळं पालकांना आधीच बोलावून सांगा, सेंटरवर पोचल्यावर सांगू नका.

मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मॅनेजर्स मीटिंग असते. तिथं मॅच कमिशनर जर्सीचे रंग ठरवतो. दोन वेगळ्या रंगांचे सेट पाहिजेत, एक गडद, एक फिका, आणि गोलकीपरचा रंग आपल्या पोरांपेक्षा, समोरच्यांपेक्षा आणि रेफ्रींपेक्षाही वेगळा. हे बहुतेकांना माहीत असतं, पण सॉक्सवर गुंडाळायची टेप सॉक्सच्याच रंगाची लागते हे माहीत नसतं, मी पहिल्या टूरला जाताना पांढऱ्या टेपबरोबर निळी टेपही नेली होती ती कामाला आली, समोरची टीम ऐनवेळी टेप शोधत फिरत होती. आणि दुसरं म्हणजे अंगावरचे दागिने. आमच्या पोरांच्या गळ्यात काळा दोरा, हातात तांब्याचं कडं, मनगटाला जत्रेतला गंडा. फुटबॉलचा नियम चार तेव्हा सांगायचा की दागिना काहीही असला तरी काढायचाच, वर टेप लावून चालत नाही. गंडा काढायला पोरं तयार होत नाहीत, एक पोरगा तर रडकुंडीला आला. मी त्याच्या समोर रुमाल पसरला, गंडा त्यात ठेवला, गाठ मारली आणि मॅच संपेपर्यंत स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला. तेव्हापासनं घरातनं निघतानाच पोरांना सांगतो की देवाचं जे काय असेल ते आईकडं देऊन या.

त्या टूरला आम्ही दुसऱ्या राउंडला हरलो. ट्रेनमध्ये पोरं झोपली आणि सर माझ्याशी बोलत बसले. म्हणाले, कागदाचं काम तुला जमलं, पण हाफ टाईमला तू लेफ्ट बॅकला जे कानात सांगितलंस ते मी ऐकलं, तू लायसन्स कर. मी म्हणलं, सर, माझं वय छत्तीस. ते म्हणाले, मग काय झालं, वयाची अट अठराच्या वरची आहे.

आता लायसन्सचं. आपल्याकडं उतरंड अशी आहे: सगळ्यात खाली लहान मुलांना शिकवणाऱ्यांसाठीचं ई सर्टिफिकेट, मग डी लायसन्स, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी एआयएफएफचं असतं, सीपासनं वर एएफसीच्या मान्यतेचं. आयएसएलमध्ये हेड कोच व्हायला प्रो लागतं, म्हणजे आपल्यासारख्याला तो फार लांबचा डोंगर, पण चढ डीपासनंच सुरू होतो. कोर्स राज्य संघटनेमार्फत निघतात, आपल्या भागाला केएसएफए, कर्नाटक राज्य फुटबॉल संघटना, म्हणजे बेंगळूर. कोल्हापूर इथनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, भाषा आपली, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाच्या मॅचेस बघत आपण वाढलो, त्यामुळं बरेच जण विचारतात की तिकडनं केलं तर चालत नाही काय. लायसन्स एआयएफएफचं आहे, कुठल्याही राज्यात केलेलं देशभर चालतं. दोन्हीकडच्या कोर्सवर लक्ष ठेवा, ज्याची तारीख आधी जमेल ते घ्या. मला बेंगळूरचं आधी मिळालं.

जुलै २०२२ मध्ये फॉर्म भरायला बसलो आणि नावावर अडलो. आधारवर माझं, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण, एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या मार्कशीटवर नाव आणि पुढं नुसती इनिशियल्स, आणि जन्मदाखला कन्नडमधनं इंग्लिशमध्ये आलेला, त्यात आडनावाचं एक अक्षर वेगळं. सीमाभागात मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाची ही कहाणी आहे. त्यासाठी ई-स्टॅम्प पेपर घेऊन नोटरीचं ॲफिडेव्हिट केलं की ही तिन्ही नावं एकाच माणसाची, सगळं मिळून पाचेकशे रुपये गेले. त्याच्या तीन-चार प्रती करून ठेवा, पुढं पासपोर्टला, बँकेला, कुठंही लागते. मेडिकल फिटनेसचं सर्टिफिकेट घेतलं, डॉक्टरांना गुडघ्याचं ऑपरेशन आधीच सांगितलं आणि त्यांनी तपासून फिट लिहून दिलं. क्लबचं पत्र सरांनी दिलं.

पैशाचं म्हणाल तर फी, राहणं, खाणं, रेल्वे, नवीन ट्रेनिंग शूज असं मिळून वीस हजारांच्या आत बसलं, त्यात फीचाच वाटा मोठा. फी कोर्सप्रमाणं बदलते, म्हणून माझ्या आकड्यावर जाऊ नका, फॉर्म निघाल्यावरच बघा. आमच्या गल्लीत भिशी आहे, ती मी उचलली. घरी हिला सांगताना मला फार अवघड गेलं, कारण तेच पैसे पोरीच्या शाळेला ठेवलेले. ती म्हणाली, ग्राउंडवरनं आलास की तुझं तोंड वेगळं दिसतंय, लॉकडाऊनमध्ये मी ते बघितलं नव्हतं, जा तू. सुट्टीचं मात्र कंपनीत एका आठवड्याची पगारी मिळाली नाही, बिनपगारी घेतली. हाही खर्चच आहे, हिशोबात धरा.

नंतर नुसती वाट बघायची. नाव यादीत आलं काय, कोर्स पुढं ढकलला काय, रोज ईमेल उघडायचा. एकदा तारीख बदलली तेव्हा रेल्वेचं तिकीट कॅन्सल करून परत काढावं लागलं. कन्फर्मेशनचा ईमेल हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि काढलंच तर राणी चन्नम्माचं काढा, संध्याकाळी बेळगावातनं बसलं की सकाळी बेंगळुरात.

ऑक्टोबरात कोर्स झाला, सहा दिवस. आम्ही चोवीस जण. पीटी मास्तर होते, राज्याकडनं संतोष ट्रॉफी खेळलेले होते, मंगळूरचा एक गोलकीपर होता, दोघी मुली होत्या, त्यातली एक आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली शिकवायची. भाषेची भीती पहिल्या सकाळीच गेली. इन्स्ट्रक्टर इंग्लिशमध्ये सांगायचे, अडलं की हिंदीत, आणि मागं कन्नडमध्ये कुजबुज चालू. बेळगावच्या माणसाला ह्या सगळ्याची सवय असतेच. इंग्लिश मोडकं असलं तरी चालतं, पण सेशन प्लॅन कागदावर काढता आला पाहिजे, आकृती, बाण, किती मीटर, किती वेळ, किती पोरं. घरनं निघायच्या आधी चार-पाच प्लॅन हातानं काढून बघा.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती तुम्हाला सांगतो. तुम्ही शिकवता तेव्हा बाकीचे तुमचे खेळाडू असतात, आणि बाकीचे शिकवतात तेव्हा तुम्ही त्यांचे. म्हणजे दिवसभर पळायचं, सहा दिवस. ऑपरेशन झालेल्यांनी, चाळिशीकडं झुकलेल्यांनी दोन महिने आधीपासनं पळायला सुरुवात करा. मी रोज रात्री खोलीवर बर्फ लावायचो, खालच्या हॉटेलवाल्यानं न मागता पिशवी भरून द्यायला सुरुवात केली.

शिकवतात काय, तर मुख्य म्हणजे लहान पोरांना मोठ्यांसारखं खेळवू नका. चाराविरुद्ध चार, पाचाविरुद्ध पाच खेळवा, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागतो. आपण लहानपणी अकराविरुद्ध अकरा, कधी पंधराविरुद्ध पंधरा खेळलो, त्यात राईट बॅकला अर्ध्या तासात किती वेळा बॉल मिळायचा आठवा. लहानांना चार नंबरचा बॉल, त्याहून बारक्यांना तीन नंबर, पाच नंबर नंतर. रांगेत उभं करून एकेकाला किक मारायला लावायचं हे जे आपण सगळ्यांनी केलंय ते बंद. पोरांच्या सुरक्षिततेवरही एक पूर्ण सत्र होतं, एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, मेसेज करायचा तर पालकांच्या ग्रुपवर. आपल्याकडं हे बोलायला लोक लाजतात, पण माझी पोरगी खेळायला लागली तर तिच्या कोचला हे माहीत असावं असं मला वाटणारच.

प्रॅक्टिकलचा विषय चिठ्ठीतनं मिळतो. मला आला एकास एक बचाव. माझ्याच जागेचा विषय, तरी रात्री झोप नाही. सकाळी आठ-दहा कोन मांडले, पंधरा बाय दहाचा चौकोन, दोन्ही टोकांना छोटे गोल. सुरू केलं, वीसेक सेकंद खेळू दिलं, मग मोठ्यानं "फ्रीझ". सगळे जिथल्या तिथं. बचाव करणारा पोरगा सरळ छाती समोर करून उभा होता, दोन्ही पाय एका रेषेत. मी त्याला काही बोललो नाही, नुसता त्याच्या शेजारी जाऊन एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकवून, अंग तिरकं करून उभा राहिलो. त्यानं बघितलं, तसंच केलं. "परत खेळ." पुढच्या वेळी त्यानं विंगरला रेषेकडं ढकललं आणि बॉल बाहेर गेला. इन्स्ट्रक्टर मागं वहीत लिहीत होते, मान वर केली नाही, पण मला त्या क्षणी कळलं की हे काम मला येतंय आणि हेच करायचंय.

लेखी पेपर नियमांचा. त्यासाठी फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयफॅबचं मोफत ॲप आहे ते मोबाईलवर घ्या आणि रेल्वेत वाचत जा. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर ह्यावर थेट बॉल मिळाला तर ऑफसाईड नसतो, ड्रॉप बॉल आता कसा देतात, असं विचारतात. वीस वर्षं खेळलेल्यालाही ह्यातलं सगळं नीट माहीत असतंच असं नाही, कारण आपण नियम ग्राउंडवरच्या भांडणातनं शिकलेलो असतो.

निकाल दीडेक महिन्यानं ईमेलवर आला. मी सेकंड शिफ्टला होतो, हात काळे, फोन कोपरानं उघडला. पास. शेजारच्या मोल्डिंगवाल्याला सांगितलं, त्याला काही कळलं नाही पण त्यानं चहा पाजला. घरी जाताना कुंदा घेतला, आधी सरांच्या घरी दिला.

जानेवारी २०२३ पासनं मी असिस्टंट कोच आहे. हेड कोच माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी लहान, त्याच्याकडं सी लायसन्स. ग्राउंडच्या बाहेर तो मला अण्णा म्हणतो, मी त्याला नावानं हाक मारतो. गेटच्या आत आलो की मी त्याला सर म्हणतो, पोरांसमोर तर नक्कीच. हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं आणि त्याला बोलून दाखवलं, त्यामुळं पुढं कधी अडलं नाही. त्याचं माझं पटत नाही अशा गोष्टी असतातच, मला बॅक फोर, म्हणजे मागचे चार बचाववाले, आपल्या गोलकडं खोल ठेवायला आवडतं, त्याला वर. ते आम्ही गाडीवर बसून रात्री दहापर्यंत भांडतो, पण पोरांना एकच ऐकू जातं.

माझ्याकडं वॉर्मअप, बचावाचे कॉर्नर आणि बेंच. कॉर्नरला जवळच्या पोस्टवर कोण, सहा यार्डाच्या रेषेवर कोण, बॉल बाहेर आला तर कोण धावणार, हे मी कागदावर काढून ड्रेसिंग रूमच्या भिंतीला चिकटवतो. सब्स्टिट्यूशनची चिठ्ठी, राखीव पोरं वेळेत गरम झाली काय, हे बघतो. नियमानं टेक्निकल एरियातनं म्हणजे बेंचसमोरच्या आखलेल्या जागेतनं एका वेळी एकानंच सूचना द्यायच्या असतात, म्हणून सर उभे राहिले की मी बसतो. २०१९ पासनं रेफ्री बेंचवरच्यांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवू शकतात, आणि ओरडलं कोण ते कळलं नाही तर कार्ड तिथं हजर असलेल्या मुख्य कोचच्या नावावर. त्यामुळं बेंच शांत ठेवणं ही माझी जबाबदारी, माझं तोंड सुटलं तर भोगायचं सरांनी.

पण सगळ्यात मोठं काम वेगळंच. टीम जाहीर होते तेव्हा अकरा पोरं खुश असतात आणि बाकीची खाली बघत बूट बांधत असतात, खेळायचं नसताना बूट बांधत असतात. हेड कोचला तेव्हा वेळ नसतो. त्या पोरांजवळ जाऊन बसायचं. एक लेफ्ट विंगर, घरी उर्दू बोलणारा, सलग मॅचेस बाहेर बसलेला, मला म्हणाला, सर, मैं कल से नहीं आऊंगा. मी त्याला माझी डायरी दाखवली, त्यात त्याच्या प्रॅक्टिसची पानं होती, बॉल गेल्यावर परत धावला किती वेळा, नाही किती वेळा. त्यानं ती पानं बराच वेळ वाचली. आपल्याला कुणीतरी बघत होतं एवढंच त्याला पाहिजे होतं. तो दुसऱ्या दिवशी आला, पुढच्या महिन्यात टीममध्ये होता, चांगला खेळला.

माझ्या पहिल्याच सीझनला, एप्रिल २०२३ मध्ये, कोझिकोडला सुपर कपची फायनल झाली. ओडिशानं बेंगळुरू एफसीला २-१ हरवलं आणि ओडिशाच्या बेंचवर हंगामी कोच कोण, तर परत क्लिफर्ड मिरांडा. बेंगळुरू हरल्याचं आमच्या पोरांना वाईट वाटलं, मला मिरांडाचा आनंद जास्त झाला. आणि पुढच्याच सीझनला हाच माणूस ट्रॉफी जिंकलेली असताना मोहन बागानला परत असिस्टंट म्हणून गेला, तिथं जानेवारी २०२४ च्या सुपर कपला परत टीम सांभाळली. भारतात खेळाडूनंतरचं करियर असंच वरखाली होतं. खालिद जमीलला बघा, मुंबईत कोच म्हणून किती वर्षं काढली, २०१७ ला ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, तरी आयएसएलमध्ये कायमचा हेड कोच व्हायला २०२१ उजाडलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला. म्हणून कुणी मला विचारलं की अजून असिस्टंटच काय, तर मला त्यात कमीपणा वाटत नाही. हे काम पूर्ण आहे, त्याला स्वतःची अक्कल लागते, आणि जिल्ह्यात ते नीट करणारी माणसं कमी आहेत.

पैसे? खरं सांगतो, पेट्रोल आणि फोन निघतो, एखाद्या टूर्नामेंटला मानधन. एका स्पर्धेत कबूल केलेलं मानधन आम्हाला मिळालंच नाही, तेव्हापासनं आधी दोन ओळी लिहून घेतो. नोकरी सोडू नका. शाळांमध्ये डी लायसन्सवाल्यांना विचारणा वाढली आहे, आमच्या बॅचच्या दोघांना त्यातनं कायमचं काम लागलं, पण मी फाउंड्रीतच आहे.

सध्या सीची तयारी चालू आहे. त्याला डीनंतर प्रत्यक्ष शिकवल्याचं दाखवावं लागतं, म्हणून क्लबकडनं प्रत्येक सीझनचं पत्र त्याच त्याच वर्षी घेत जा, पदाधिकारी बदलले की जुन्या सीझनची सही मिळत नाही. सेशन प्लॅन तारखेसकट एका वहीत ठेवा. सी डीपेक्षा बराच लांबचा कोर्स, सुट्टी आणि पैसा दोन्ही जास्त लागणार, ह्या वेळी भिशी मी शेवटच्या नंबरला ठेवली आहे. आपल्याकडच्या कुणाला यंदा डी करायचं असेल तर नावाचं ॲफिडेव्हिट आणि जन्मदाखला मेमध्येच उरकून घ्या, जूनला शाळा सुरू झाल्या की त्या खिडक्यांवर ॲडमिशनवाल्यांची गर्दी असते.